तांब्याच्या तारेवरील हाक

गेल्या अंकांत आम्हीं क्षयतिथीविषयीं जे चार शब्द लिहिले, त्यांवर आलेल्या पत्रांचा परामर्श पुढील महिन्यावर ढकलण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. कारण या महिन्यांत एका भगिनींच्या पत्रानें आमचें सारें लक्ष वेधून घेतलें आहे. त्या लिहितात, "आमच्या घरीं नुकतीच कांचतंतूची नवी जोडणी झाली. जोडणारा मुलगा टेलिफोनची जुनी तार भिंतीवरून उपटून, तिच्या टोकाची काळी पेटी माझ्या हातांत देऊन गेला. मामंजी म्हणतात, फेकून द्या. सासूबाई म्हणतात, दहा वर्षें हिनें नातवंडांचीं तोंडें दाखविलीं, तेव्हां फेकण्यापूर्वीं तिच्यांत काय होतें तें मास्तरांस विचारा. ती पेटी नेहमी गरम कां असे? आणि ज्या तारेंतून पूर्वीं नुसतें बोलणें जाई, तिच्यांतून चित्रें कोण ढकलीत असे?"

या पत्रांतील शेवटचा प्रश्न आम्हांस विशेष आवडला. "कोण ढकलीत असे?" असें विचारणारीं माणसें थोडीं. तारेंतून चित्र आलें कीं जो तो संगणकाच्या बुद्धीची वाहवा करतो. परंतु बुद्धि कितीही तीव्र असली तरी ती दोन-तीन मैलांच्या ओल्या, जागोजाग सांधे दिलेल्या, कोठें कोठें गंजलेल्या तारेंतून आपल्या पायांनीं चालत येत नाहीं. तिला लोटणारा कोणी तरी दांडगा असावा लागतो. त्या दांडग्याचें नांव इंग्रजी परिभाषेंत लाइन ड्रायव्हर अँप्लिफायर असें आहे. 'ड्रायव्हर' हा शब्द ऐकतांच आमच्या घरांतील मुलांस मोटारीचें चाक हातीं धरलेला मनुष्य दिसूं लागला, आणि एका चिरंजीवांनीं 'तारेचा सारथी' असें भाषांतर करून आम्हांस गप्प करण्याचा प्रयत्न केला. तें भाषांतर आम्हांस मान्य नाहीं. सारथी दिशा दाखवितो. ओढण्याचे कष्ट घोड्यांचे. येथें दिशा तारेनेंच ठरवून दिलेली आहे. पाहिजे तो लोटणारा. ईर् धातूस प्र हा उपसर्ग लागून प्रेरक हा शब्द सिद्ध होतो व पुढें लोटणारा हाच त्याचा मूळचा अर्थ. म्हणून या लेखापुरतें आम्ही त्यास प्रेरक म्हणूं.

प्रथम तारेची हकीकत. तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींभोंवतीं पिळून त्यांवरून बोलणें नेण्याच्या युक्तीचें पेटंट ग्रॅहाम बेल यांनीं १८८१ सालीं घेतलें. पुढच्याच वर्षीं मुंबईस टेलिफोनचें एक्स्चेंज उघडलें. त्या काळापासून ही तार मनुष्याच्या बोलण्यासाठीं बेतलेली. बोलणें कळण्यास दर सेकंदास सुमारें ३,४०० कंपनांपर्यंतचे स्वर पोंचले म्हणजे पुरतें. शंभर वर्षें तारेस याहून अधिक कोणी मागितलें नाहीं. पुढें त्याच तारेवरून संगणकाचा मजकूर वेगानें नेण्याची निकड उत्पन्न झाली, आणि ए. डी. एस. एल. नांवाच्या ज्या पद्धतीस १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तिनें सेकंदास अकरा लक्ष कंपनांपर्यंतचें ओझें या म्हाताऱ्या तारेच्या पाठीवर चढविलें. आपल्या देशांत ही सोय सामान्य गृहस्थाच्या दारांत आली ती २००५ च्या सुमारास. 

आतां, कंपनसंख्या जसजशी वाढते तसतशी तार अधिक कंजूष होते. दशमांश चार मिलिमीटर जाडीच्या तारेंत सेकंदास तीन लक्ष कंपनांचा संदेश सोडला, तर एक किलोमीटर अंतरावर त्याची शक्ति सुमारें विसाव्या हिश्शावर येते. दुसऱ्या किलोमीटरास त्याचाही विसावा हिस्सा. अशा चार मजला झाल्यावर काय उरतें हें घरांतील लहान मुलांकडून पाटीवर करून घ्यावें. उत्तर एक लक्ष साठ हजारावा भाग असें येईल. एवढ्या उपासमारीनंतरही पलीकडच्या टोकास अक्षर ओळखतां यावें, यासाठीं अलीकडच्या टोकानें खणखणीत ओरडलें पाहिजे. परंतु वाटेल तेवढें ओरडण्याची मुभा नाहीं. एकाच जाड केबलांत शेंकडों घरांच्या जोड्या खेटून जातात. एकानें फार आवाज केला कीं शेजारच्या तारेंत त्याची कुजबूज उमटते. म्हणून एक्स्चेंजकडील प्रेरकानें तारेवर सरासरीनें सुमारें एक दशांश वॅट शक्ति घालावी, असा दंडक घातला गेला. एक दशांश वॅट म्हणजे देवघरांतील विजेच्या लहान दिव्याहूनही कमी. मग यांत दांडगाई ती कोठें राहिली, असें वाचक विचारतील. येथेंच खरी गंमत आहे.

ए. डी. एस. एल. पद्धतींत मजकूर एकाच स्वरावर चढवीत नाहींत. सगळ्या पट्ट्याचे २५६ कप्पे पाडतात. खालचे थोडे साध्या बोलण्यासाठीं मोकळे ठेवतात, त्यांच्यावरचे कांहीं घरांतून एक्स्चेंजकडे जाणाऱ्या मजकुरास देतात, आणि उरलेले सुमारें सव्वादोनशें एक्स्चेंजकडून घराकडे येणाऱ्या मजकुरास. प्रत्येक कप्प्यांत एक स्वर, व तो स्वर सेकंदास चार हजार वेळां आपला जोर आणि आपली चाल बदलून अंक सांगत असतो. अमेरिकेंत १९९३ सालीं निरनिराळ्या पद्धतींची समोरासमोर परीक्षा झाली तेव्हां हीच पद्धति सरस ठरली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन चॉफी यांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे.

आमच्या सारख्या मास्तरास हें समजण्यास यंत्रशास्त्र नको. सव्वादोनशें मुलें एका दालनांत बसलीं आहेत आणि प्रत्येक मूल आपापला पाढा आपापल्या लयींत म्हणत आहे, असें समजा. बाहेरून ऐकणाऱ्यास एक अखंड गुंजारव ऐकूं येतो. कारण एकाचा स्वर चढतो तेव्हां दुसऱ्याचा उतरलेला असतो. मात्र केव्हां तरी एखाद्या क्षणीं, कोणीं न ठरवितां, बरीचशीं मुलें एकदम चढ्या स्वरावर येतात आणि कौलें हादरावीं असा आवाज होतो. दुसऱ्या क्षणीं पुन्हां गुंजारव. चाळीस वर्षें शाळेंत काढलेल्यास हा क्षण ओळखीचा आहे. इन्स्पेक्टरसाहेब दारांत उभे असतांनाच तो येतो, हा आमचा अनुभव.

आतां हिशेब पाहा. तारेचा रोध शंभर ओहम धरतात. एक दशांश वॅट तारेवर घालण्यास विजेचा दाब सरासरीच्या हिशेबानें सव्वातीन व्होल्टांच्या आंतच लागतो. एकच स्वर असता तर त्याचें शिखर साडेचार व्होल्टांच्या पलीकडे गेलें नसतें. परंतु सव्वादोनशें स्वरांचा मेळा असल्यामुळें शिखर सरासरीच्या सवापांच पटीहूनही वर, म्हणजे सतरा व्होल्टांपर्यंत चढतें. किती वेळां चढतें? नियम असा कीं, प्रेरकाची मर्यादा ओलांडणारे क्षण एक कोटींत एकाहून अधिक नसावेत. सेकंदास बावीस लक्ष नमुने जातात, त्या मानानें हा प्रसंग चार-पांच सेकंदांतून एखादे वेळीं, आणि तोही सेकंदाच्या वीस लक्षाव्या हिश्शाएवढा, येतो.

मग इतक्या दुर्मिळ क्षणासाठीं एवढी तयारी कशास? शिखर कापलें गेलें तर जाऊं द्यावें, असें कोणी म्हणेल. आम्हींही तसेंच म्हटलें होतें. परंतु शिखर कापलें म्हणजे तो तडाखा एकाच स्वरास बसत नाहीं. सगळ्याच स्वरांत त्याची खरखर पसरते, आणि त्या क्षणाच्या पाटीवर सव्वादोनशें मुलांनीं जें जें लिहिलें असेल तें सारें पुसट होतें. म्हणून प्रेरकास सतरा व्होल्टांची झेप घेण्याच्या तयारीनें अहोरात्र उभें राहावें लागतें. त्याच्या मागची वीज त्या उंचीचीच ठेवावी लागते, आणि काम मात्र बहुतेक वेळ तीन-चार व्होल्टांचें. मधला फरक प्रेरकाच्याच अंगांत उष्णता होऊन जळतो. ज्या घरांत रोज बारा पानें उठतात, तेथें केव्हां तरी शंभर पाहुणे येतील म्हणून रोज शंभर माणसांच्या भाताचें आधण चुलीवर चढवून ठेवावें, तसा हा प्रकार. लांकूड जळतें तें शंभरांचें, जेवतात बारा. अगदीं निर्दोष प्रेरक कल्पिला तरी शंभरांतले तेवीस-चोवीस भागच तारेवर पोंचतात. आणि प्रत्यक्षांत पुढच्या रोधांत निम्मी शक्ति जाते, जागें राहण्यास थोडी वीज लागते, हें सर्व वजा केलें कीं एक दशांश वॅट तारेवर घालण्यास पहिल्या पिढीचे प्रेरक एक ते दीड वॅट खात.

एका तारेस दीड वॅट हें कोणास फारसें वाटणार नाहीं. परंतु एक्स्चेंजमध्यें हजार घरांच्या तारा एका खोलींत येतात. हजार दिढें पंधराशें वॅट. त्यांतले शंभर तारेवर गेले, बाकी चौदाशें त्या खोलींतच राहिले. म्हणजे इस्त्री दिवसरात्र, बारा महिने चालू ठेवावी तसें. ती उष्णता बाहेर काढण्यास थंड हवेचें यंत्र, त्यास आणखी वीज, आणि वीज गेली म्हणजे डिझेलचें इंजिन. एका पेटींत किती घरांच्या जोडण्या बसवाव्या याची मर्यादा पुष्कळ वेळां बुद्धि करणाऱ्या चकत्यांनीं ठरत नसे. या लोटणाऱ्या गड्याच्या घामानें ठरत असे.

भगिनींच्या घरची पेटी मात्र याच्या उलट टोकास. तिनें वर पाठवावयाचा मजकूर थोडा, म्हणून तिच्या प्रेरकास तारेवर घालावयाची शक्तिही थोडी, सुमारें अठरा सहस्रांश वॅट. तेव्हां पेटी गरम होण्याचें सारें श्रेय त्यास देतां येत नाहीं. हिशेब करणारी चकती आणि आंतील वीजपुरवठा यांचाही त्यांत मोठा वांटा. परंतु या लहानग्या प्रेरकाची योग्यता आम्हांस एका प्रसंगानें कळली, आणि तो प्रसंग आमच्याच घरचा असल्यामुळें सांगण्यास थोडा संकोच वाटतो.

आमचे थोरले चुलतबंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, २०११ सालीं सत्तरी ओलांडून गेलेले होते. मांडीचें हाड मोडल्यामुळें खाटेवरच. त्यांचे चिरंजीव न्यू जर्सींत हडसन नदीच्या कांठीं होबोकेन या गांवीं राहत. दर रविवारीं सकाळीं संगणकाच्या पडद्यावर पितापुत्रांची भेट होई. वहिनी आधीं अर्धा तास दादांस नवा सदरा घालून, उशी टेकवून बसवीत. त्या मे महिन्यांत वळिवाचा एक मोठा पाऊस झाला. वीज कोठें तरी जवळच पडली असावी. टेलिफोन नीट वाजत होता. पडदाही नीट लागे. चिरंजीवांचें चित्र स्पष्ट, आवाज स्वच्छ. परंतु दादा बोलूं लागले कीं तिकडून "काय? काय म्हणालात बाबा?" हा एकच प्रश्न. दादांनीं दोनदां सांगावें, तीनदां सांगावें. मग चिरंजीव नुसतें हंसत आणि दुसराच विषय काढीत. तीन रविवार असें झालें. तिसऱ्या रविवारीं दादांनीं पडद्याकडे पाठ केली आणि वहिनींस म्हणाले, "त्याचं लक्ष नाहीं आतां इकडे. उगीच मला सजवूं नकोस."

आम्हीं त्याच रात्रीं पुतण्यास पत्र लिहिलें. पत्र कसलें, मास्तरी छडीच ती. 'वडील बोलतात तेव्हां हातांतलें काम बाजूस ठेवावें, एवढें शिक्षण तुला या घरांत मिळालें होतें' हें त्यांतील सौम्य वाक्य. त्याचें उत्तर दोन ओळींचें आलें: "काका, तुम्ही म्हणतां तें बरोबर असेल. पण मला बाबा दिसत नाहींत, नुसती चौकोनांची रांगोळी दिसते, आणि आवाज तुटतो. हें सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून मी कळलंसं दाखवतों."

कचेरींत तक्रार नोंदविली तर तेथून तार तपासून 'दोष नाहीं' असा शेरा मिळाला, आणि तो खोटाही नव्हता. तारेंत दोष नव्हताच. शेवटीं आमच्या ओळखीचे एक लाइनमन संध्याकाळीं घरीं जातांना वाट वांकडी करून आले. त्यांनीं पेटीचे आंकडे पडद्यावर काढून पाहिले. घराकडे येण्याचा वेग पूर्वींपेक्षां थोडा कमी. घरांतून जाण्याचा वेग मात्र पूर्वींच्या दशांशावर. ते म्हणाले, "मास्तर, ह्याला ऐकूं येतंय, पण ह्याचा घसा बसलाय. विजेचा दणका खाल्लाय ह्यानं." पिशवींतून त्यांनीं दुसरी जुनी पेटी काढून लावली. पुढच्या रविवारीं दादा प्रथम पडद्याकडे वळावयासच तयार होईनात. वळले तेव्हां तिकडून चिरंजीव म्हणाले, "बाबा, दाढी केली नाहींत आज?" दादांनीं वहिनींकडे पाहिलें, आणि मग पाऊण तास ते बोलत होते. आम्हीं पत्राबद्दल पुतण्याची क्षमा मागितली, ती त्यानें हंसण्यावारी नेली. त्याच वर्षीं कार्तिकांत दादा गेले. मधले रविवार किती झाले तें आम्हीं मोजलेलें आहे. परंतु तो आंकडा येथें देण्याचें कारण नाहीं.

घसा बसतो म्हणजे काय, हें पुढें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो याच धंद्यांत आहे, आम्हांस समजावून दिलें. प्रेरक तारेच्या अगदीं तोंडाशीं बसलेला. त्याच्यापुढें एक लहानसें रोहित्र आणि कांहीं रक्षक भाग असतात खरे. पण विजेचा लोट तारेंतून आंत शिरला कीं त्यांच्यामागें पहिली भेट याचीच. तो पूर्ण मेला तर दोष चटकन कळतो; पेटीचा दिवाच लागत नाहीं. अर्धवट जगला तर पंचाईत. तो लोटतो, पण वेडावांकडा लोटतो. जो स्वर द्यावयाचा त्याबरोबर न मागितलेले स्वरही सोडतो. आणि पेटीस त्याच क्षणीं, त्याच तारेवर, एक्स्चेंजकडून चार किलोमीटर चालून थकलेली, लक्षावा भाग उरलेली हांक ऐकावयाची असते. स्वतः ओरडत असतांना दुसऱ्याची कुजबूज ऐकणें, असा हा दोन्ही टोकांचा धर्म आहे. आपला स्वतःचा आवाज कोणता हें ठाऊक असल्यामुळें तो वजा करण्याची योजना असते; परंतु प्रेरकाच्या विकृतींतून निघालेला बेसूर कोणासच ठाऊक नसतो, तो वजा होत नाहीं. म्हणून प्रेरक बलवान असून भागत नाहीं, सच्चाही असावा लागतो. त्याच्या कामांत दहा लक्षांत एका भागाच्या आसपास देखील भेसळ चालत नाहीं, असें तो विद्यार्थी म्हणाला तेव्हां आम्हांस आमच्या पत्राची आठवण होऊन तोंड फिरवावें लागलें.

बलवान वस्तूस सच्चें कसें करावें, याचें उत्तर मात्र फार जुनें आहे, आणि योगायोग असा कीं तें त्याच हडसन नदीवर सुचलेलें आहे. हॅरॉल्ड ब्लॅक नांवाचे बेल प्रयोगशाळेंतील तरुण अभियंते कित्येक वर्षें या प्रश्नाशीं झगडत होते. कारण दूरच्या टेलिफोनास वाटेंत अनेक वर्धक लागत आणि प्रत्येकाची भेसळ पुढच्याच्या गळ्यांत पडे. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं लॅकावाना कंपनीच्या नावेंतून कामावर जात असतां त्यांस युक्ति सुचली. जवळ कागद नव्हता म्हणून न्यूयॉर्क टाइम्स पत्राच्या कोऱ्या जागेवर त्यांनीं ती आंखून ठेवली. युक्ति अशी: वर्धकांतून जें बाहेर पडतें त्याचा एक अंश उलटा करून पुन्हां आंत आणावयाचा, आणि मूळ संदेशाशीं ताडून पाहावयाचा. जेवढा फरक दिसेल तेवढी दुरुस्ती आपोआप होते. वर्धकाचा जोर यांत पुष्कळ खर्ची पडतो; पण जो उरतो तो निर्मळ. कित्ता गिरविणारा मुलगा प्रत्येक अक्षरागणिक वरच्या ओळीकडे नजर टाकतो. त्याचा वेग मंदावतो, वळण मात्र बिघडत नाहीं. हीच ती ऋण प्रत्याभरणाची रीति. पेटंटाचा अर्ज १९२८ सालीं केलेला, मंजुरी १९३७ सालीं. नऊ वर्षें कचेरीनें विश्वासच ठेवला नाहीं म्हणावयाचें. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.

ब्लॅक यांच्या वर्धकास सेकंदास हजारों कंपनांशीं सामना होता. आमच्या प्रेरकास लक्षावधींशीं आहे. आणि वरच्या ओळीकडे नजर टाकून परत येईपर्यंत पुढचें अक्षर निघून गेलें तर कित्ता व्यर्थ. म्हणून प्रेरक त्याच्या प्रत्यक्ष कामाच्या कितीतरी पट चपळ घडवावा लागतो. चपळ, बलवान आणि सच्चा. शिवाय मिताहारी असावा ही अपेक्षा. असा नोकर मिळावयाचा कोठें, हें ज्यांच्या घरांत नोकर आहेत त्यांस सांगावयास नको.

मिताहाराच्या बाबतींत मात्र मागाहून पुष्कळ सुधारणा झाली. पुढच्या रोधांत निम्मी शक्ति जळे, तेथें लहान रोध बसवून प्रत्याभरणाच्याच हिकमतीनें तो तारेस मोठा भासविण्याची तोड निघाली. त्याहून सुंदर तोड आधणाच्या बाबतींत. प्रेरकास विजेचे दोन पुरवठे द्यावे, एक नेहमीचा उतरता, एक चढता. गुंजारव चालला आहे तोंवर उतरत्यावर भागवावें, आणि शिखर येतांना दिसलें कीं तेवढ्यापुरती चढत्यावर उडी घ्यावी. दुसऱ्या कांहीं रचनांत दुसरा पुरवठाही ठेवीत नाहींत. एका लहानशा साठवणींत वीज भरून ठेवतात व शिखराच्या क्षणीं ती उसळवून दाब वर उचलतात. शंभर पाहुणे आले तर शेजारच्या वाड्यांतून पातेलीं आणावयाचीं, एरवीं आपली बारा माणसांची चूल. पाहुणे येत आहेत हें मात्र आधीं कळलें पाहिजे. तें येथें कळतें, कारण शिखर कोणतें येणार हें आंतील गणितानें अगोदरच तयार केलेलें असतें. आणि २००२ च्या सुधारलेल्या पद्धतींत, घरांत कोणी कांहीं पाहत नसेल तेव्हां आवाजच खालीं आणून प्रेरकास थोडा विसांवा देण्याची तरतूद झाली. 

पुढें व्ही. डी. एस. एल. च्या २००६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत कंपनें तीन कोटींपर्यंत गेलीं, पण पल्ला आंखूड झाला. एक्स्चेंज गल्लीच्या कोपऱ्यावरील कपाटांत येऊन बसलें आणि ओरडण्याची गरजच कमी झाली. तो विषय येथें लांबवीत नाहीं. कांचतंतूंत तर प्रकाशच धांवतो; तेथें लोटणारा निराळा आणि त्याचे भोग निराळे. ब्रिटनमध्यें तांब्यावरील जुना टेलिफोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचें ठरलेलें आहे. आपल्याकडे कोणी तारीख जाहीर न करतां तारा आपापल्या परीनें भिंतींवरून उतरत आहेत.

आतां भगिनींच्या पेटीचें काय करावें? कचऱ्याच्या डब्यांत टाकूं नये. आंत शिसें व इतर विषारी द्रव्यें असण्याचा संभव आहे, म्हणून विजेचा कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. परंतु देण्यापूर्वीं एका दुपारीं, वीज व तार दोन्ही पूर्ण काढलेलीं आहेत याची खात्री करून, घरांतील मुलांकडून तिचे चार स्क्रू काढवून घ्यावे. ज्या बाजूस टेलिफोनची बारीक तार खोंचली जाई, तेथें चौकोनी चिवड्याच्या डबीसारखें, पण नखाएवढें, पिवळी पट्टी गुंडाळलेलें रोहित्र दिसेल. त्याच्या लगत एक लहान काळी चकती असेल. वरून कांहींच विशेष नाहीं. पण तिच्या पोटाखालीं तांब्याचा पत्रा पसरलेला असतो आणि त्यांतून पलीकडे जाणारीं बारीक भोकें, अंगांतली उष्णता जाण्यासाठीं. सासूबाईंस तीच दाखवावी.